डाव्या हाताची शिडीकाकू

माझ्या थोरल्या काकूला सगळं गाव 'शिडी' म्हणायचं. देशाच्या बास्केटबॉल संघातून ती बारा वर्षं खेळली. शेवटच्या मोठ्या सामन्यात करंगळी मोडलेली असताना तिने दोन बोटं एकत्र बांधून सामना काढला. ते पाहिलेली माणसं अजून तावातावाने सांगतात, आणि न पाहिलेली त्याहून जास्त.

खेळ सुटल्यावर ती टपाल कचेरीत लागली. काका शिंपी, तिच्या जेमतेम खांद्याला लागायचा. लग्न ती खेळत असतानाच ठरलं होतं. तेव्हा आजी, म्हणजे तिची सासू, कपाळाला हात लावून म्हणाली होती, "हिच्याशी भांडायचं म्हटलं तर मला स्टुलावर चढावं लागेल!" सून कामाची होती, पण भर दुपारी अर्धी विजार घालून मैदानावर धावते, हे आजीच्या पचनी कधी पडलं नाही.

निवृत्तीला थोडे दिवस असताना काकूला अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला. तोच तिचा चेंडू टाकायचा हात. भेटायला येणारे जुने पराक्रम काढून बसले की ती भिंतीकडे तोंड करायची. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई चार दिवसांत कंटाळल्या. काका रोज काकुळतीला यायचा. ती पांघरूण ओढून घ्यायची.

एका दुपारी आजी तिच्या पलंगासमोर विणत बसली होती. एकदम तिने लोकरीचा गुंडा काकूच्या अंगावर फेकला.

"धर."

गुंडा पडला, कपाटाखाली गेला.

"आता उचल. मला वाकता येत नाही."

"मला येतं का?" काकू भडकली. कितीतरी दिवसांनी तिचा आवाज चढला होता. ती धडपडत उतरली, पलंगाला धरून खाली बसली, डाव्या हाताने गुंडा ओढून काढला आणि रागाने आजीकडे भिरकावला. तो सरळ आजीच्या चष्म्यावर बसला. चष्मा नाकावरून घसरून हनुवटीला लोंबकळला.

"एवढी मोठी खेळाडू," आजी म्हणाली, "आणि नेम हा असला?"

काकूला हसू फुटलं, ते आवरेना. कातरी हातात घेऊन काका दारात धावत आला, तर दोघी डोळे पुसत होत्या.

त्यानंतर सासूसुनांचा तो रोजचा उद्योग झाला. लोकरीनंतर रबरी चेंडू आला, मग खराखुरा बास्केटबॉल. त्यात एक फुलदाणी आणि काकाचा आरसा कामी आला. काकू काठी टेकत चालायला लागली, तेव्हा आजीनेच हुकूम सोडला, "घर मोडायच्या आत मैदानावर चला."

कचेरीमागच्या मैदानात एकच रिंग उरली होती. काकू डाव्या हाताने टाकायची आणि आजी खुर्चीत बसून चुका काढायची. तिथे फिरायला येणाऱ्या बायका थबकून बघायच्या. पहिल्यांदा एक निवृत्त परिचारिका पुढे आली. "मलाही टाकून बघू द्या ना. पण माझे गुडघे दुखतात हं."

"गुडघे सगळ्यांचेच दुखतात," काकू म्हणाली. "पास हाताने द्यायचा असतो."

मग बेकरीवाली आली, शाळेतल्या कारकूनबाई आल्या, त्यांच्या विहीणबाई आल्या. संघ झाला. कॉलेजच्या मुलींशी पहिला सामना ठरला आणि या बायकांचं पार पानिपत झालं. पण सामना संपल्यावर त्या मुलींची कप्तान काकूपाशी येऊन बिचकत म्हणाली, "काकू, आम्हालाही शिकवाल?"

"या. पण आधी माझ्या बायका, मग तुम्ही."

गेल्या वर्षी नगरपालिकेचे लोक तिचा पुतळा उभारायचं म्हणत घरी आले. आजी हरखली. "पुऱ्या उंचीचा करा हं, काटकसर नको!" काकूने मात्र त्यांना चहा दिला आणि सांगितलं, "पुतळ्याचं राहू द्या. आधी समोरची रिंग बसवा. निम्म्या मैदानात किती दिवस खेळायचं?"

रिंग बसली. आता संध्याकाळी तिथे पाय ठेवायला जागा नसते. उजवा हात काही परत आला नाही. काकू तो खिशात ठेवते आणि डाव्याने शिकवते. यंदा तिच्या बायकांनी पहिला सामना जिंकला, तोही एका गुणाने. बेकरीवाली रडली, परिचारिका गुडघे विसरून नाचली. आजीने तर पंचालाच मिठी मारली.

"छान झालं," काकू म्हणाली. "पण पास अजून भिकार आहेत. उद्या लवकर या."