निळ्या उजेडाची खोली

नोकरीतल्या पुष्कळ गुन्ह्यांचे तपशील आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. कुठला आरोपी कुठल्या गुन्ह्यातला, असं कुणी विचारलं तर मला चटकन सांगता येणार नाही. सेनगाव तालुक्यातल्या त्या शाळेचं प्रकरण मात्र अजून लख्ख डोळ्यांसमोर आहे, आणि तरीही ते आठवताना आपण थोडं झोपेत आहोत असं वाटतं. नावं कुणाचीच देत नाही. गावाचंही देत नाही.

फेब्रुवारीचे दिवस होते. त्या भागात तेव्हा शेतोशेती हळद शिजत असते. सकाळी गोरेगावच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंची पांढरी वाफ धुक्यात मिसळलेली असायची, आणि समोरचं गाव अगदी जवळ येईपर्यंत दिसायचं नाही. अशाच एका सकाळी हजेरी घेऊन मी बाहेर आलो, तर ठाणे अंमलदारांच्या टेबलासमोर एक गृहस्थ उभे होते. इस्त्रीचा शर्ट, पायांत चपला, हातात प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत फुटलेलं कुलूप होतं.

ते एका गावच्या सातवीपर्यंतच्या शाळेचे मुख्याध्यापक होते. म्हणाले, "साहेब, आमची संगणक खोली फोडली. सगळे संगणक नेले."

"कुलूप तिथंच राहू द्यायचं होतं, सर."

"चुकलं," ते म्हणाले, आणि खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

फिर्याद लिहून घेतली. कुलूप कसं होतं, कोणत्या बाजूनं घाव बसले, कडी किती वाकली, हे त्यांनी बारकाईनं सांगितलं. संगणकांचं वर्णन विचारलं तेव्हा म्हणाले, "असतात तसेच." कंपनी कोणती? "कागद वरच्या कार्यालयात आहेत." चोरीची फिर्याद देणारा माणूस सहसा गेलेल्या वस्तूबद्दल बोलतो. म्हातारी पाटलीबद्दल बोलते, शेतकरी बैलाच्या शिंगांबद्दल बोलतो. हे गृहस्थ कुलपाबद्दल बोलत होते. मनात नोंद केली आणि पंचनाम्याला निघालो.

शाळेच्या व्हरांड्याच्या टोकाला ती खोली होती. वर पत्रे, एकच खिडकी, आणि खिडकीला बाहेरून खिळ्यांनी ठोकलेली निळी ताडपत्री. आत काही नव्हतं. चोरी झालेल्या खोल्या मी खूप पाहिल्या आहेत. तिथं काही ना काही मागं राहतं: तुटलेली वायर, ओढत नेल्याचा ओरखडा, घाईत पडलेलं एखादं झाकण. इथं फरशीवर सगळीकडे सारखी धूळ होती. खोली कुणी रिकामी केली आहे असं वाटतच नव्हतं. पण नुसतं वाटून पंचनाम्यात लिहिता येत नाही.

अंगणात पोरं रडत होती. घरातलं माणूस गेल्यावर रडावं, तशी. आया येऊन उभ्या होत्या. एक जण मला म्हणाली, "साहेब, लेकरं जेवून नाही राहिली. ज्यानं नेलं त्याचं वाटोळं होवो."

दुसऱ्या दिवशी खबर आली. गोरेगावच्या बाजारात आमचा एक जुना खबऱ्या होता. त्याचं म्हणणं असं की तिथं मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवणारा एक तरुण जुन्या संगणकांचे भाग घेतो आणि विकतो. तरुण त्याच गावचा, शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्या घरातला. मी मुख्याध्यापकांना फोन केला. "याच्यावर तुमचा संशय आहे का?" ते म्हणाले, "असेल. सांगता येत नाही."

तरुणाला चौकशीला आणलं. तो घाबरला होता, पण नजर चुकवत नव्हता.

"जुने पार्ट घेतो मी, व्हय. नांदेडहून आणतो. दुकान बघा, घर बघा. पन आमच्या शाळंतलं काहून नेऊ, साहेब? माझी भाची शिकून राहिली तिथं, सातवीत. तिला मीच म्हनलो होतो, शाळंतलं शीक, मंग माझ्या दुकानात बस."

दुकान पाहिलं, घर पाहिलं. काही मिळालं नाही. त्याचा बाप खांद्यावर घोंगडी टाकून ठाण्याच्या आवारातल्या लिंबाखाली बसून होता. मी जवळ गेलो तसा उठला. म्हणाला, "पोरगं लई शानं हाये असं मी म्हनत न्हाई. पन शाळंचं न्हाई नेनार. गावात आता आमाला कोनी पानी बी देत न्हाई, साहेब."

गाव त्या घरावर उलटलं होतं. मला घाई करणं भाग होतं. आजूबाजूच्या ठाण्यांना बिनतारी संदेश पाठवायचा तर मुद्देमालाचं वर्णन हवं, आणि ते माझ्याकडे नव्हतं. म्हणून ठरवलं की ज्यांनी ते संगणक पाहिले त्यांनाच विचारायचं. आमच्या महिला हवालदारांना बरोबर घेतलं आणि शाळेत गेलो. मुख्याध्यापक बैठकीला हिंगोलीला गेले होते. त्या दिवशी शाळेवर असलेल्या शिक्षिका नुकत्याच बदलून आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मी आले तेव्हापासून त्या दाराला कुलूपच होतं. वीजजोडणी झाली की उघडायचं, असं सर सांगायचे."

पोरं अंगणात गोल करून बसली. हवालदारबाई त्यांच्यात मांडी घालून बसल्या. वाफेचा वास आला होता आणि ऊन अजून पिवळं, पातळ होतं.

"संगणक कसे होते रे?" त्यांनी विचारलं.

"पांढरे," एक मुलगा म्हणाला.

"काळे व्हते," दुसरा म्हणाला. "म्या फटीतून पायले."

"त्याहिच्यातून निळा उजेड येतो, बाई. वीज नसली तरी येतो."

"दाराला कान लावला की वाजतेत. गूंऽऽ असं. झोपल्यावानी."

एकानं सांगितलं, ते भिंतीएवढे मोठे आहेत. एकीनं सांगितलं, पाटीएवढे. कोणाचा कोणता हेही ठरलेलं होतं. आपापसांत भांडून, चिठ्ठ्या टाकून त्यांनी ते वाटून घेतले होते. दोन वेण्यांची एक मुलगी शेवटी बोलली. ती त्या तरुणाची भाची होती. तिच्या घरी प्रत्येक शेळीला नाव असतं, म्हणून तिनं आपल्या संगणकालाही नाव ठेवलं होतं.

"माझा खिडकीजवळचा हाये. चांदनी नाव हाये तिचं." मग तिनं हळूच विचारलं, "तिला कुठं नेलं असंल, साहेब?"

हवालदारबाईंनी लिहायचं थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी उठून त्या खोलीत गेलो आणि दार आतून लोटून घेतलं.

दार मिटताच खोली निळी झाली. ताडपत्रीतून गाळून आलेला उजेड पाण्यासारखा भिंतींवर हलत होता. पत्र्याच्या सांध्यात गांधीलमाश्यांनी घर केलं होतं, त्यांचा एकसारखा बारीक आवाज येत होता. मी तिथं किती वेळ उभा होतो, सांगता येणार नाही. वयानं पन्नाशी ओलांडलेला, नोकरीत सगळं पाहून झालेला माणूस मी. पण मलाही त्या उजेडात ओळीनं मांडलेलं काहीतरी दिसल्यासारखं झालं. खिडकीजवळ एक जागा मी नकळत मोकळी सोडून चाललो. मग भिंतींवरून हात फिरवला. बोर्ड नव्हता, बोर्ड बसवण्यासाठी पाडलेलं भोकही नव्हतं. टेबलाच्या पायांची खूण नव्हती. या खोलीत कधीच काही ठेवलेलं नव्हतं.

मुख्याध्यापक दुपारी परत आले. मी त्यांच्याच खोलीत, त्यांच्यासमोर बसलो. दार लावून घेतलं. आरडाओरड केली की बोलणारे असतात आणि गप्प बसलं की बोलणारे असतात. हे दुसऱ्यांपैकी होते.

"सर, एकच विचारायचं आहे. संगणकांचा रंग कोणता होता?"

त्यांनी टेबलावरचा डस्टर उचलला, परत ठेवला. बाहेर पोरं कविता म्हणत होती.

"साहेब," ते म्हणाले, "रंग मलाही माहीत नाही."

त्यानंतर त्यांना थांबवावं लागलं नाही. आर्थिक वर्ष संपत असताना पुरवठादाराचा माणूस आला. सोबत वरच्या कार्यालयातला एक अधिकारी. माल मिळाल्याची सही आज करा, नाहीतर शाळेचा निधी परत जाईल; माल पुढच्या महिन्यात येतो, असं त्यांनी सांगितलं. निधी परत गेला तर ठपका आपल्यावर येणार, म्हणून यांनी सही केली. पुढचा महिना आला, गेला. यांनी फोन केले, खेटे घातले. अधिकारी म्हणाला, "सही तुमची आहे." पोरं रोज विचारायची, म्हणून एक दिवस त्यांनी बाजारातून कुलूप आणलं आणि सांगितलं की संगणक आत आहेत. तसं करत वर्षं गेली. आता तपासणी पथक येणार असल्याचं कळलं, तेव्हा तोच अधिकारी म्हणाला, चोरीची फिर्याद देऊन मोकळे व्हा.

"कुलूप मीच दगडानं फोडलं," ते म्हणाले. "ते पोरगं सुटेल ना, साहेब? माझ्याच हाताखाली शिकलेलं आहे. तुम्ही त्याचं नाव घेतलंत तेव्हा नाही म्हणायला तोंडच उघडेना."

"त्याच्या बापाला पाणी देत नाहीत गावात."

ते टेबलावर डोकं टेकून रडले. मी त्यांना रडू दिलं.

ठाण्याकडे निघायच्या आधी त्यांनी एक परवानगी मागितली. पोरांना स्वतः सांगायचं होतं. व्हरांड्यात उभं राहून त्यांनी सांगितलं की संगणक आलेच नव्हते, आत काही नव्हतं, आपण खोटं बोललो. चोरी झाली नाही.

पोरांना ते पटेना. एकमेकांकडे बघून हसू लागली. चांदनीवाली मुलगी तावातावानं उठली. "गुर्जी खोटं बोलून राहिले. म्या सोता पायलेत."

हवालदारबाई तिच्याजवळ गेल्या. "अगं, आत ते असते तर ते कुणी तरी नेले असं होईल. मग तुझ्या मामाला बसावं लागेल ना ठाण्यात?"

ती बंद दाराकडे बघत राहिली. मग विचारलं, "मंग ते नसले तर मामा घरी येईल?"

"हो. आजच."

तिनं बराच विचार केला. "मंग नसतील," ती म्हणाली, आणि खाली बसली.

संध्याकाळ व्हायच्या आत त्या तरुणाला मी स्वतः जीपमधून गावात सोडलं. पारावर लोक जमले होते, त्यांच्यासमोर सगळं मोठ्यानं सांगितलं. ज्या बाईनं वाटोळं होवो म्हटलं होतं, तिनंच त्याच्या बापाला तांब्या भरून आणून दिला. मुख्याध्यापकांनी न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर जबाब दिला. तपास पुढे आर्थिक गुन्हे शाखेकडे गेला. पुरवठादाराला अटक झाली, अधिकारी निलंबित झाला, आणि असंच कुलूप आणखी काही शाळांना लावलेलं निघालं. मुख्याध्यापकांवरही गुन्हा दाखल झाला. त्यांनी कुणाकडे दयेची याचना केली नाही.

पुढं ग्रामसभेत त्या आयांनी विषय लावून धरला. शाळेत काय येणार होतं, काय आलं, हे दर वेळी विचारू लागल्या. एकदा उपकेंद्रात औषधं आल्याचं सांगितलं, तर दहा-बारा जणी तिथं जाऊन म्हणाल्या, "खोकं उघडून दावा." नर्सबाईंनी उघडून दाखवलं. औषधं होती. सगळ्या हसल्या, चहा झाला आणि घरी गेल्या. मला हे आमच्या बीट हवालदारानं सांगितलं. उशिरा का होईना, शाळेत संगणकही आले, तेव्हा ते गाडीतून उतरवताना अर्धं गाव उभं होतं.

निवृत्त झाल्यावर साक्षीसाठी मला समन्स आलं. हिंगोलीच्या कोर्टात पुरवठादाराच्या वकिलांनी उलटतपासणी घेतली. वकील हुशार होते.

"फिर्याद चोरीची होती, बरोबर?"

"बरोबर."

"आणि तुमच्याच तपासाप्रमाणे त्या खोलीतून काहीही चोरीला गेलं नव्हतं."

नोकरीत मी दागिने परत मिळवून दिले, मोटारसायकली दिल्या, एकदा एका म्हातारबाबांची बैलजोडी दिली. सही घेतली, वस्तू दिली, काम संपलं. त्या पिंजऱ्यात उभं राहून मी पहिल्यांदा विचार केला की या गुन्ह्यातला मुद्देमाल मी कुणाला परत दिला? दार बंद झालं तेव्हा ज्या मुली चौथीत होत्या, त्या संगणक येईपर्यंत शाळेतून निघून गेल्या होत्या. कुणी पुढच्या शाळेत गेली, कुणी मजुरीला. त्यांना बोलावून पुन्हा चौथीत बसवता येत नाही. सरकारी पैसा खाल्ला असं आपण म्हणतो, आणि ते एखाद्या कपाटातून नोटा गेल्यासारखं वाटतं. पैसा पुन्हा वसूल होतो, कधी कधी. लेकरांचं वय वसूल करायला कुठलं कलम नाही.

"साक्षीदार, उत्तर द्या," न्यायाधीश म्हणाले.

"गेलं, साहेब," मी म्हणालो. "पण ते पंचनाम्यात लिहायला मला रकाना सापडला नाही."

वकिलांनी हरकत घेतली. न्यायाधीश लेखनिकाकडे वळून म्हणाले, "लिहा. साक्षीदार म्हणतात तसंच लिहा."