टेकडीवरून आलेली ओ

बहात्तरच्या दुष्काळात मी खर्ड्याच्या बाजूला एका सरकारी दवाखान्यात नर्स होते. लग्न व्हायचं होतं. डोंगरापलीकडच्या वस्तीवर बाळंतिणींना बघायला आणि पोरांना लस टोचायला मला दर आठवड्याला जावं लागे. गाडीरस्त्यानं मोठा वळसा पडायचा, म्हणून मी कोरड्या ओढ्यातली पायवाट धरायची. दोन्ही अंगांना बाभळी, माणूस क्वचित दिसे. एकटीनं कसं चालावं, हे आईनं शिकवलं होतं. मान खाली घालायची, कुणाशी बोलायचं नाही, वळून बघायचं नाही.

श्रावण कोरडाच चालला होता. त्या सकाळी ओढ्यात उतरले आणि थोड्या वेळानं मागे वहाणांचा आवाज ऐकू आला. मी थांबले की तोही थांबे. शेवटी मी वळून पाहिलंच. पटका बांधलेला, मध्यम वयाचा माणूस होता, ओळखीचा नव्हता. वाट सोडून मी बाजूला उभी राहिले, म्हटलं, जाऊ द्यावं पुढं. तो जाईना. बाभळीला टेकून बघत राहिला, मग वस्तीवर तुझं कोण आहे, असं विचारत जवळ येऊ लागला.

ओरडावं असं वाटत होतं आणि ओरडायची लाजही वाटत होती. कुणी आलं तर काय सांगणार? यानं तर अजून हातही लावला नव्हता. तेवढ्यात वरच्या टेकडीवर शेळ्या हलताना दिसल्या. शेळ्या आहेत म्हणजे माणूस असेल, एवढंच डोक्यात आलं आणि मी जीव खाऊन हाक मारली. काय शब्द होते ते आज आठवत नाही.

वरून लगेच ओ आली. खडकाआडून एक बाई उभी राहिली आणि जन्माची ओळख असल्यासारखी खणखणीत आवाजात म्हणाली, "कवाची वाट बघतीया तुजी! ये वर. दादा बी हितंच हाय."

दादाबिदा कुणी नव्हता. पण तो माणूस थबकला, आल्या वाटेनं निघून गेला. मी काट्याकुट्यातून वर चढले आणि तिच्याजवळ बसले. तिनं पाणी दिलं. मला रडू आवरेना, तरी गप्प राहा असं ती म्हणाली नाही.

बऱ्याच वेळानं तिनं तिच्या धाकट्या बहिणीचं सांगितलं. सरपणाला गेलेल्या त्या पोरीला याच ओढ्यात कुणीतरी गाठलं होतं. घरच्यांनी वाच्यता केली नाही, घाईघाईनं तिला लांब देऊन टाकलं. वर्षाच्या आत ती सासरच्या विहिरीत सापडली.

"मी त्या दिशी हितंच हुते, बाई," ती म्हणाली. "ती वरडलीच न्हाई. लोक काय म्हनतील, म्हनून. तुमी वरडला, लई बरं केलं."

दवाखान्यात सांगितलं तर डॉक्टरांनी बदलीचा अर्ज करा म्हटलं. पोलीस पाटलांनी, एकट्या गेलातच कशाला, असं विचारलं. मी अर्ज केला नाही. त्यानंतर ओढ्यात उतरले की मी आधी हाक मारायची, वरून ओ आली की पुढं निघायची. वस्तीवर पोहोचल्यावर तिथल्या बायकांना आणि मोठ्या होत चाललेल्या पोरींना मी हे सगळं सांगितलं. भीती वाटली की ओरडायचं, हात लागायची वाट बघायची नाही. काही जणी पदराआड हसल्या. एक सासू मात्र सुनेला म्हणाली, "ऐकून ठेव."

दसऱ्यानंतर चारा उरला नाही. शेळ्या विकून ती बाई घरच्यांबरोबर ऊसतोडीला गेली, हे मला वस्तीवरच कळलं. पुढच्या आठवड्यापासून मी गाडीरस्त्यानं जाऊ लागले. वाटेत खडी फोडायच्या कामावर पुष्कळ बायका असत. उन्हात वेळ जास्त लागायचा.