नाल्याखालचं पाणी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला मी गुडघेदुखीपासून शेजाऱ्यांच्या भांडणापर्यंत सगळं सांगतो. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. पण सांगायचं तर त्या कारंज्यापासून सुरुवात करावी लागेल.

केळझरच्या अलीकडे, रस्त्यापासून बरीच आत, एका जुन्या मालगुजाराची, म्हणजे इकडच्या जमीनदाराची, बाग आहे. लोक तिला बंगलाबाग म्हणतात. बंगल्यावर आता पत्रे आहेत, तबेल्यात सोयाबीनची पोती असतात. पण फाटकाचे दगडी खांब, आंब्यांची दुहेरी रांग, फरसबंद वाटा अजून जागच्या जागी आहेत. वाटांमधल्या वाफ्यांत तूर उभी असते. आणि मधोमध ते कारंजं — कमळाच्या आकाराचं, कोरडं.

मी तंत्रनिकेतनात शिकवायचो. निवृत्त झालो, सिंदी मेघेत घर बांधलं आणि रिकामपणी मोटारसायकल घेऊन तिकडे जायला लागलो. मालक नागपूरला असतात. मोजमापं घ्यायला त्यांनी आनंदानं परवानगी दिली. मला एकच प्रश्न छळत होता. वीज नव्हती, पंप नव्हता — मग हे कारंजं उडायचं कसं? तलाव दूर टेकडीवर, आणि टेकडी नि बाग यांच्यामध्ये खोल नाला. पाटानं पाणी आणलं असेल तर नाल्यावर पुलाची काही खूण नको का? कुठेच नव्हती. दोन हिवाळे मी टेप ओढत, उंची मोजत फिरलो. खरं सांगू? इतका आनंदात मी नोकरीतही कधी नव्हतो.

दुसऱ्या हिवाळ्यात यशोधराबाई तिथे शेळ्या चारायला येऊ लागल्या. सत्तरीच्या, गावातल्या निवृत्त अंगणवाडी सेविका. आठवडाभर त्यांनी मला नुसतं पाहिलं. मग म्हणाल्या, "सर, तुमी नाल्याच्या वर काऊन पाहून राह्यले? पाणी खालून येत होतं. माह्या आजानं नळ टाकले."

नाल्याखालून. बंद नळातून खाली उतरून, तलावाच्या उंचीच्या जोरावर पुन्हा वर चढणारं पाणी — वर्षानुवर्षं फळ्यावर शिकवलं होतं मी ते! बाईंनी काठीनं जागा दाखवली. दोन मजुरांनी तीन फूट गाळ काढला आणि दगडी पेटी लागली; आत चुन्यात बसवलेले भाजलेल्या मातीचे नळ. एकही सांधा हललेला नव्हता. पेटीच्या झाकणावर वेडीवाकडी अक्षरं होती — कोंडबा. आजाला लिहिता येत नव्हतं, बाई सांगत होत्या, गवंड्यानं हौसेनं कोरून दिलं. ज्या बंगल्याच्या ओसरीवर त्याला पाय ठेवता येत नव्हता, त्याच बंगल्यापुढे त्यानं पाणी नाचवलं होतं. बाई त्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिल्या. मी फोटो काढले.

आता पुढचं.

मी लेख लिहिला. तो वर्तमानपत्राच्या स्थानिक पानावर आला. जमिनीच्या चढउताराचा अभ्यास करून मी नळवाट शोधून काढली, असं त्यात होतं. बांधणारा — 'अज्ञात कारागीर'. फोटो मी स्वतः कापला होता. अक्षरं तेवढी बाहेर राहतील असा. मालकांनी बागेत माझ्या नावाचा फलक लावला, कार्यक्रम ठेवला, शाल दिली. बाई मागच्या रांगेत बसल्या होत्या, इस्त्रीच्या पांढऱ्या साडीत.

सगळं आटोपल्यावर जवळ आल्या. "सर, माह्या आजाचं नाव राहून गेलं का?"

चुकलंच, एवढं म्हणता आलं असतं. मी म्हणालो, "पुरावा लागतो, बाई. नुसत्या सांगण्यावर लिहिता येत नाही."

तो दगड आम्ही दोघांनी शेजारी बसून पाहिला होता. त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. रागानं नाही — काहीतरी समजून घेत असल्यासारख्या. मग "बरं" म्हणाल्या आणि निघून गेल्या.

का केलं मी असं? मालकांना आवडणार नाही म्हणून? त्यांनी तर काही विचारलंही नव्हतं. मला तो शोध माझा हवा होता. कोंडबाचं नाव छापलं असतं, तर ते मला कुणी दाखवलं हेही लिहावं लागलं असतं. इतकंच.

त्याच पावसाळ्यात नाल्याला पूर आला आणि पेटी पुन्हा गाळाखाली गेली. मी ती काढायला गेलो नाही.

गेल्या वर्षी बाई वारल्या. त्यांच्या मुलीचा फोन आला — विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे, आई तुमची आठवण काढत होती, दोन शब्द बोलजा. मी गेलो. माइकपुढे उभा राहिलो. समोर कोंडबाच्या घरची माणसं बसली होती, लहानथोर सगळी. बाई किती प्रेमळ होत्या, किती कष्टाळू होत्या, ते मी सांगितलं. बागेच्या कामात त्यांची 'मोलाची मदत' झाली, असंही म्हणालो. ते शब्द तोंडातून बाहेर पडताना मला ऐकू आले, तरी मी थांबलो नाही.

खाली उतरल्यावर मुलीनं मला चहा दिला. मी तो प्यालो आणि घरी आलो.