रेडिओला पाणी घालणारा

नांदगाव खंडेश्वरच्या आमच्या शाळेत रेडिओ आला, तेव्हा त्याचा ताबा आपोआप शिपायाकडे गेला. आम्ही मास्तर लोक त्या पेटीला हात लावायलाही भ्यायचो. रेडिओची एक तार अंगणात पुरलेली होती आणि खरखर वाढू नये म्हणून तिथली माती ओली ठेवावी लागे. हा पठ्ठ्या रोज सकाळी तिथे तांब्याभर पाणी ओतायचा. पोरांनी "कावून?" विचारलं की म्हणायचा, "बोलून बोलून त्याचा घसा सुकते ना बाप्पा!"

रेडिओवर शाळेचा पाठ सुरू झाला की तो दारात उभा राहायचा. एकदा रेडिओवरच्या बाई भरती-ओहोटी समजावत होत्या. समुद्र कधी न पाहिलेली आमची पोरं नुसती बघत बसली. हा सरळ आत आला, रेडिओचा आवाज बारीक केला आणि म्हणाला, "जत्रेतली गर्दी पायली ना? लोटत येते अन् तशीच वापस जाते. तसंच पानी." मग आवाज मोठा करून पुन्हा दारात. मला जरा रागच आला, कारण ते मला सुचलं नव्हतं.

पुढे तपासणीला साहेब आले. त्यांनी भरती-ओहोटी विचारताच एका पोरीने जत्रा सांगितली. साहेब खूश झाले.

"हे कोणी शिकवलं?"

"मी," मी म्हणालो.

दारातल्या शिपायाने ते ऐकलं. साहेब गेल्यावर भरलेला तांब्या घेऊन तो माझ्यासमोर आला.

"घ्या, गुरुजी. तुमचा घसा सुकला असन."