कॅप्टनचं दान

चौकातल्या चष्म्याच्या दुकानात बसणाऱ्या बाईंकडून धीराचा शब्द मिळेल अशी आशा कुणी धरू नये. "नंबर आता वाढणार नाही ना?" असं एखाद्या म्हाताऱ्याने काकुळतीला येऊन विचारलं, तर त्या काच पुसता पुसता "वाढेलही" म्हणतात आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतात. लोक त्यांना फटकळ म्हणतात. म्हणोत बापडे. एके काळी हीच बाई दुसऱ्याला बरं वाटावं म्हणून धडधडीत खोटं बोलायची, आणि तेही लढाईत.

लढाई जेवणाच्या टेबलावरची. शाळेला सुट्टी असली की ती, तिचा धाकटा भाऊ आणि मावसभाऊ तिथे ठाण मांडायचे. दोघा भावांचा एकेक सैनिक. आपला सैनिक काय करतो ते ज्याने त्याने बोलून सांगायचं आणि पुढे काय घडलं ते तिने, म्हणजे ताईने. कारण शत्रू, पूल, सुरुंग, सगळं तिच्या ताब्यात. गोळी लागली की फासा टाकायचा. एक किंवा दोन पडले तर सैनिक मेला, जास्त पडले तर वाचला. फासा ती बुटाच्या खोक्याआड टाकायची, त्यामुळे दान फक्त तिलाच दिसे. मावसभावाचा सैनिक आचारी होता आणि तोफा धडाडू लागल्या की त्याला हटकून मीठ आणायला मागे जायचं असे. भावाचा कॅप्टन मात्र सगळ्यांत पुढे.

हा कॅप्टन एकदा मेला. भाऊ तेव्हा आठ वर्षांचा होता. तो रडला नाही, पण धड जेवेना, भिंतीकडे तोंड करून पडून राहिला आणि आईच्या तोंडचं पाणी पळालं. तेव्हा ताईने जाहीर केलं की कॅप्टन फक्त बेशुद्ध होता. त्यानंतर खोक्याआड एक पडो की दोन, ती मान वर करून सांगायची, "पाच. वाचलास."

असा तो वर्षानुवर्षं वाचत राहिला. पोरगा मोठा होत गेला तसं त्याचं धाडस पाहून तिच्या अंगावर काटा येऊ लागला. वाहता रस्ता तो इकडेतिकडे न बघता ओलांडायचा. पाण्याच्या टाकीच्या कठड्यावरून चालायचा. ओरडलं की हसायचा, "अगं, मला काही होत नाही." हे तो गमतीने म्हणत नाही हे हळूहळू तिच्या लक्षात आलं आणि तिला त्याच्या हसण्याचीच भीती वाटू लागली.

मग सीमेवर खरंच तोफा सुरू झाल्या. बाजारात लोक आवाज खाली आणून बोलू लागले. शाळेच्या मैदानावर भरतीचा तंबू उभा राहिला आणि भावाने जाण्याचं मनावर घेतलं. आई ताईला बाजूला घेऊन म्हणाली, "माझं नाही ऐकायचा तो. तुझं ऐकतो. काहीही कर, पण थांबव त्याला."

ताईने त्याला टेबलाशी बसवलं आणि सगळं सांगून टाकलं. "तुझा कॅप्टन किती वेळा मेलाय, तुला माहीत नाही. मी खोटं सांगायचे."

तो पोट धरून हसला. "आईने पाठवलं ना तुला? बरं, आता समोर टाक. मेला तर नाही जात."

"शब्द दे."

"दिला."

तिने खोकं बाजूला सारलं. त्या घटकेला तिने मनापासून भावाच्या कॅप्टनचं मरण मागितलं. फासा टेबलावर घरंगळला. पाच.

"पुन्हा," ती म्हणाली. तिने फासा उचलून टाकला.

चार. मग सहा.

"बघ," तो म्हणाला. तिच्या खांद्यावर थाप मारून उठला आणि स्वयंपाकघरात डोकावून म्हणाला, "आई, ताई हो म्हणाली गं."

आई हातातलं भांडं तसंच धरून तिच्याकडे बघत राहिली. संध्याकाळपर्यंत त्याचं नाव तंबूत लागलं होतं.

तो परत आला नाही. आई त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली, ताईच्याच घरात, ताईच्याच हातचं खाऊन. अधूनमधून अगदी साध्या आवाजात विचारायची, "तू हो का म्हणालीस गं?" सुरुवातीला ताईने फाशाची सगळी हकिगत सांगून पाहिली. आईने शांतपणे ऐकून घेतली आणि आठवड्याने पुन्हा तेच विचारलं.