प्रतीक्षा यादीतला पहिला नंबर

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे गारखेड्यातल्या आमच्या गल्लीत कुणीही सांगेल. स्वतःची फजिती तर मी गिऱ्हाइकाला थांबवून, स्टूल देऊन सांगतो. एका लग्नपत्रिकेवर नवरीच्या जागी मी तिच्या बापाचं नाव छापलं होतं आणि पन्नास पत्रिका वाटूनही झाल्या होत्या, ते सांगतो. एका आजोबांच्या पेन्शनच्या अर्जावर चुकून स्वतःचा फोटो चिकटवला, तेही सांगतो. लोक हसतात, मीही हसतो, तेवढ्यात झेरॉक्स निघते.

पण ही एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. बायकोला नाही, आईला नाही. दारू पिऊन तरी सांगून मोकळं व्हावं, तर तेही व्यसन नाही. अडीच वर्षं झाली. तुम्हाला सांगतो, कारण — कारण काय, ते मलाही नीट माहीत नाही. ऐका.

माझं दुकान झेरॉक्स, लॅमिनेशन आणि ऑनलाइन फॉर्मचं. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि भिंतीवर पाटी — ‘सर्व प्रकारचे फॉर्म भरून मिळतील’. वर्षात एकदा दुकानापुढं चपलांचा ढीग पडतो, तो आरटीईच्या वेळेला. म्हणजे पहिलीचे प्रवेश. खाजगी शाळेतल्या पंचवीस टक्के जागा आपल्यासारख्यांच्या पोरांसाठी, फी नाही. फॉर्म ऑनलाइन भरायचा, मग सोडत निघते. ज्याचं नाव लागलं त्यानं कागदपत्रांची पडताळणी करून प्रवेश घ्यायचा. कुणाचा राहिला, तर प्रतीक्षा यादीतल्या पुढच्याला ती जागा.

त्या दिवसांत मी नुसता फॉर्म भरत नसे. मी प्रवचन देत असे. शाळा कशी निवडायची, यावर माझ्याइतकं ज्ञान शिक्षण खात्यातही नसेल असं मला वाटायचं. शाळा भरताना बघू नका, सुटताना बघा. संडासला पाणी आहे का ते बघा. मास्तर दर वर्षी बदलतात का ते शिपायाला विचारा, मुख्याध्यापकाला नाही. लोक मान डोलवायचे. आणि मी स्वतः माझ्या ईश्वरीसाठी शाळा कशी निवडली? गेटवरची मोठी कमान बघून. कमानीखालून पोरं टाय लावून आत जात होती, तेवढ्यावर माझं ठरलं. आत संडास आहे की नाही, हे मला आजही ठाऊक नाही.

त्याच शाळेवर आणखी एका घराचा डोळा होता. आमच्या भिंतीला भिंत लागून भाड्यानं राहणारा संतोष आणि त्याची बायको सुमनवहिनी. संतोषचे वडील अजून कन्नडकडं मेंढरं वळतात. हा वाळूजच्या एका कंपनीत ठेकेदाराकडं, पाळीच्या बसनं जाणारा. तो स्वतः सहावीत शाळा सोडून मेंढरांमागं गेलेला. त्यामुळं कोमलच्या — त्याच्या पोरीच्या — शाळेचा विषय निघाला की तो जरा ताठ बसायचा. मला म्हणायचा, “भाऊ, मला काय कळत नाय यातलं. तुम्ही म्हनाल ती शाळा.”

मी कमानीची शाळा म्हणालो. माझाच सल्ला होता, हे लक्षात ठेवा.

आता माझी चूक. ही पहिली, आणि हिच्यावर तुम्ही खुशाल हसा. फॉर्ममध्ये एक नकाशा येतो. त्यावर लाल फुगा असतो. तो आपल्या घरावर नेऊन ठेवायचा, म्हणजे शाळा किती लांब ते कळतं. फुगा हातानं सरकवायचा म्हणजे पाच मिनिटांचं काम, नेट हळू असलं तर दहा. मला एक बटण सापडलं — ‘सध्याचं ठिकाण’. दाबलं की फुगा आपोआप जाऊन बसतो. मी खूश! दोन दिवस मी तेच दाबत होतो. तिसऱ्या दिवशी ईश्वरीचा फॉर्म भरायला घेतला तेव्हा नीट बघितलं. फुगा माझ्या दुकानावर. बसणारच — कॉम्प्युटर दुकानात होता ना! म्हणजे सहा कुटुंबं, त्यांची लेकरंबाळं, सगळी माझ्या दहा बाय आठच्या दुकानात राहतात असं मी सरकारला कळवलं होतं.

मुदत संपायला आठ दिवस होते. जुना फॉर्म काढून टाकून नवा भरता येत होता, फक्त पालकाच्या मोबाईलवर येणारा नंबर टाकावा लागायचा. मी पाच जणांना फोन केले, बोलावलं, पुन्हा भरून दिले. सर्व्हर बिघडला होता म्हणून सांगितलं. चहा पाजला.

सहावा फॉर्म कोमलचा होता.

संतोषला फोन करायचीसुद्धा गरज नव्हती. भिंतीवर टकटक केलं असतं तरी आला असता. पहिल्या दिवशी खरंच जमलं नाही — तो दुसऱ्या पाळीला आणि कंपनीत मोबाईल गेटवर जमा करतात. दुसऱ्या दिवशी मी विसरलो. विसरलो? बरं, विसरलो म्हणू. पण रविवारी तो दारातच होता. गाडीच्या चेनला ऑइल देत बसला होता. मी शेजारी उभा राहून अर्धा तास गप्पा मारल्या. पाण्याच्या टँकरवर बोललो, त्याच्या ठेकेदाराला शिव्या दिल्या. फॉर्म सोडून सगळं बोललो.

तोपर्यंत मी ईश्वरीचा फॉर्म भरला होता. त्याच शाळेसाठी, फुगा बरोबर घरावर ठेवून. एक फॉर्म चुकीचा राहिला तर त्या शाळेच्या रांगेत एक माणूस कमी — असं काही मी मनात वाक्य करून म्हणालो नाही. पण वाक्य केलं नाही म्हणून विचार नव्हता, असं असतं का?

सोडत निघाली. कोमलचं नाव लागलं.

संतोषच्या मोबाईलवर मेसेज आला तेव्हा सुमनवहिनी भांडी घासत होती, ती राखेच्या हातानंच आमच्या दारात आली. “भाऊजी, वाचा ना पुन्यांदा,” म्हणाली. मी तीनदा वाचून दाखवला. संध्याकाळी पेढे आले. वहिनी कोमलसाठी गुलाबी रंगाची पाण्याची बाटलीही घेऊन आली, झाकणावर ससा असलेली. मी ईश्वरीचं काय झालं ते सांगितलं — नाव लागलं नाही म्हणालो. ते खरं होतं. ती प्रतीक्षा यादीत आहे आणि त्या शाळेच्या यादीत पहिली आहे, एवढं मात्र मी सांगितलं नाही.

पडताळणीला संतोषनं सुट्टी टाकली आणि मला सोबत नेलं. कागदपत्रांची फाईल माझ्याच हातात होती, कारण जाणकार मी! टेबलामागची मॅडम साधी बाई होती, खाष्ट वगैरे अजिबात नाही. तिनं भाडेकरार बघितला, कॉम्प्युटर बघितला, पुन्हा करार बघितला.

“पत्ता घराचा दिलाय आणि नकाशात झेरॉक्सचं दुकान दाखवतंय. मी काय समजू?”

संतोषला कळेना. तो माझ्याकडं बघायला लागला.

“हे बघा,” मॅडम म्हणाली, “घर तुमचं हद्दीतच आहे, मला दिसतंय. पण असं मला मंजूर करता येत नाही. फॉर्म कुणी भरून दिला? दुकानवाल्यानं का? त्याच्याकडून चार ओळी लिहून आणा, की चूक त्याच्या हातून झाली. मी समितीपुढं ठेवते. झालं तर काम होऊन जाईल.”

चार ओळी. कोरे कागद टेबलावरच होते. दुकानवाला कुठून आणायचाही नव्हता, तो फाईल धरून समोर उभा होता. सबंध गल्लीला ऐकवलेलं सगळं बोलणं त्या वेळी कुठं गेलं? मी फाईलची नाडी सोडायला लागलो. मग बांधायला लागलो.

आणि संतोष म्हणाला, “नाय मॅडम. दुकानवाला कुनी नाय. मोबाईलवर आमीच भरला.”

तो माझ्यासाठी खोटं बोलला. मॅडमनं कोमलच्या अर्जावर ‘अपात्र’ लिहिलं. बाहेर आल्यावर मोटारसायकलला किक मारायच्या आधी मला म्हणाला, “तुमचं नाव लिहून दिलं असतं तर दुकान बंद केलं असतं त्यांनी. पोटावर पाय आला असता तुमच्या. लेकरू काय, दुसऱ्या शाळंत बी शिकंल.” मी मागं बसलो. घरापर्यंत मी “सिस्टीमच तशी आहे, सिस्टीमच तशी आहे” असं दोनदा की तीनदा म्हणालो.

बरीच वर्षं — म्हणजे अडीचच, पण लांबलेली — मी स्वतःला सांगत आलो, की मी दुकानासाठी गप्प बसलो. संतोषनं दिलेलं कारण मला फार आवडलं होतं. किती सोयीचं! पोटाचा प्रश्न म्हटल्यावर कोण बोट दाखवेल? पण झेरॉक्सचं दुकान चार ओळींनी बंद पडत नसतं, हे मला त्या टेबलापुढंही माहीत होतं. लग्नपत्रिकेनं पडलं नाही, ते यानं पडणार होतं?

मी गप्प बसलो, कारण पहिला नंबर ईश्वरीचा होता. कोमलचं नाव कटलं की जागा थेट आमच्याकडं येणार, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. तेवढंच कारण. दुसरं नाही.

जागा आली. अकरा दिवसांनी मेसेज आला. बायको नाचली, आईनं देवापुढं साखर ठेवली. शेजारी मी सांगितलं, की कुणीतरी प्रवेश घेतला नाही म्हणे, यादी पुढं सरकली. कुणीतरी! संतोष म्हणाला, “चला, एका तरी पोरीचं झालं.” आणि दुसऱ्या दिवशी सुमनवहिनी ती गुलाबी बाटली घेऊन आली. ईश्वरीला दिली. “आमच्या महापालिकेच्या शाळंत नळ हाय,” म्हणाली, “तितं कशाला लागती बाटली. हिला न्यावं लागंल.” मी नको म्हणालो का? एकदा म्हणालो, म्हणायचं म्हणून. ईश्वरी दीड वर्ष ती बाटली वापरत होती. सशाचा एक कान आधी तुटला, मग झाकण.

गल्लीत माझा मान कमी झाला नाही. उलट वाढला — स्वतःच्या पोरीचा नंबर लावून दाखवला ना! संतोष अजून त्याच्या कंपनीतली माणसं माझ्याकडं फॉर्म भरायला पाठवतो. आपला माणूस आहे, नीट करतो, असं सांगून. ते आता मी नीट करतो, हे खरं आहे. फुगा हातानं सरकवतो, पालकाला उठवून, घराचं छप्पर बोटानं दाखवायला लावतो. लोकांना वाटतं, काय बारीक काम!

गेल्या महिन्यात वहिनी दुकानात आली. दुपार होती, दुसरं कुणी नव्हतं. हातात एक प्रमाणपत्र. कोमल तिसरीत आहे, वाचनाच्या स्पर्धेत महापालिकेच्या सगळ्या शाळांत पहिली आली. तिच्या वर्गाच्या बाई सकाळी अर्धा तास लवकर येऊन पोरांकडून वाचून घेतात म्हणे. दोन झेरॉक्स हव्या होत्या, एक गावाला सासऱ्यांकडं पाठवायला.

मशीन गरम होईपर्यंत ती काउंटरला टेकून उभी होती. म्हणाली, “तवा लई रडले होते मी भाऊजी. ह्यांना दिसू नये म्हनून मोरीत जाऊन रडले. आता वाटतं, झालं ते बरंच झालं. हाय का नाय?”

यापेक्षा चांगली संधी कुणाला मिळते? समोर ती, मधे काउंटर, रस्त्यावर शुकशुकाट. मला फक्त तोंड उघडायचं होतं, आणि तोंड उघडण्यात तर मी गल्लीत पहिला.

“व्हय,” मी म्हणालो. “बरंच झालं.”

कोमल वाचायला शिकली ती तिच्या आणि तिच्या बाईंच्या बळावर. त्यातलं काही माझ्या खात्यावर जमा होत नाही. लागलेलं नाव मी कटू दिलं. ती जागा मी घेतली, बाटली घेतली. आणि त्या दुपारी, ती कशाला बरं म्हणतेय हे तिला ठाऊक नसताना, तिचं ते ‘बरंच झालं’ही घेतलं.

दोन प्रती काढल्या. दुसरीवर कोमलचं नाव जरा पुसट आलं होतं, म्हणून ती फाडून टाकली आणि नवी काढून दिली.