गोवा करकंबाच्या अलीकडं

माझे येडूमामा कुंभारीचे. मुलींची स्थळं ते एकाच गोष्टीवरून पारखत. सकाळी न्याहारी करून निघालं की लेकीला भेटून शेळ्यांच्या संध्याकाळच्या धारांना परत येता आलं पाहिजे. पोरगा किती शिकलाय, पितो का, हे नंतर. शेळ्या दुसऱ्या कुणाच्या हाताला दूधच देत नाहीत, असं निदान मामांचं म्हणणं. थोरली सोनम त्यांनी करकंबला दिली ती याच हिशेबानं.

धाकटी ऋतुजा मात्र शिवराजवर अडून बसली. पोरगा आपल्यातलाच, अक्कलकोटकडचा, पण नोकरी गोव्यात, औषधांच्या कारखान्यात. मामांनी साफ नकार दिला आणि दुसरीकडं बोलणीही सुरू केली. ऋतुजा दोन दिवस जेवली नाही. मग तिनं बापापुढं मोबाईल धरला. सोलापूर ते गोवा, विमानानं तासाभराचा प्रवास.

मामा बोटं मोजायला लागले. तासभर जायला, तासभर यायला. करकंबला मात्र आधी सोलापूर, मग पंढरपूर, मग तिसरी गाडी. प्रत्येक ठिकाणी ताटकळायचं ते वेगळंच.

"आगं, गोवा करकंबाच्या अलीकडं हाय की!"

मामांचा धाकटा भाऊ बिरुदेव शेजारीच बसला होता. "आन् दादा, विमानतळावर आदी जाऊन बसायचं ते?"

"ते धरत न्हाईत."

"एस्टीचं तर धरलासा."

"एस्टीची वाट उभ्यानं बगावी लागती. विमानाची खुर्चीत."

"विमान रोज नसतंय."

"मग लेकीकडं रोज कोण जातंय?"

बिरुदेवानं हात टेकले. पुढं आठवडाभर मामांनी सगळ्या गावाला नवी अंतरं शिकवली. मुंबई जवळ, सांगोला लांब. कुर्डुवाडीचे पाहुणे आपणहून स्थळ घेऊन आले, तर त्यांना चहा पाजून "तुमी लई आडबाजूला पडता" म्हणून परत लावलं. असल्या माणसाशी वाद घालण्यापेक्षा भिंतीवर डोकं आपटलेलं बरं. पण ऋतुजाचं काम होत होतं, म्हणून मी गप्प राहिलो.

थोरलीच्या कानावर घातल्याशिवाय सुपारी फोडायची नाही, म्हणून मामा मला घेऊन करकंबला गेले. तीन गाड्या बदलून पोचलो. सोनमनं पाणी दिलं. मामांनी मोठ्या तोऱ्यात विमानाचा हिशेब सांगितला आणि वर म्हणाले, "तूच लांब पडलीस बग."

मला वाटलं, ती हसेल. तिनं तांब्या खाली ठेवला.

"आण्णा, मला हितं दिली ती जवळ म्हणूनच न्हवं?"

"व्हय."

"मग शेवटचं आला कवा? पोराच्या बारशाला. आता ते शाळंत जातंय."

मामा गडबडले. "आगं, कवाबी येता येतंय की. म्हणून ऱ्हातंय यायचं."

मला मामांचा राग आला आणि त्यांची कीवही आली. सोनम मात्र रागावली नव्हती. ती शांतपणे म्हणाली, "द्या तिला गोव्याला. विमानाचं तिकीट आदीच काढावं लागतंय म्हणं. काढलं की मग तरी जाल."

मामांनी तिथूनच ऋतुजाला फोन लावला आणि लग्न पक्कं म्हणून सांगितलं. पलीकडं पोरगी आनंदानं ओरडत होती. मामा फोन कानाला लावून बसून राहिले. सोनमकडं बघायची त्यांची हिंमत झाली नाही.